सीताफळं आटवली ते वर्ष

आर्या, मागच्या रविवारी तू फोनवरून मला तुझ्या तिकडच्या दुकानातला फ्रीझर दाखवलास. काचेआड गोठलेली भेंडी, मटार, पराठे आणि त्यांच्या मागे एक पांढरा डबा. डब्यावर पिकून फुटलेल्या सीताफळाचं चित्र. "आजी, हे तुझ्या बीडकडचं आहे, बघ!" तू इतक्या जोरात म्हणालीस की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. मी हसले आणि चष्मा पुसायचं निमित्त करून फोन आजोबांच्या हातात दिला. तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क चांगलं होतं. आणि निनाद, तू गेल्या दिवाळीत विचारलं होतंस की शेतात पिकतं तिथेच कारखाने, शीतगृहं उभी करायला सरकारने पैसा घातला तर गावाच्या हाती नक्की काय लागतं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, अर्थशास्त्र नाही, म्हणून तेव्हा तुला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर मला एका वर्षाच्या गोष्टीतूनच देता येईल. ती क्रमाने लिहिते. तुम्हा दोघांना मराठी सावकाश वाचावं लागतं, म्हणून सोपंही लिहिते.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढे, एसटीचा रस्ता संपून बालाघाटाचे डोंगर सुरू होतात तिथे. आमच्या घराची ओळख म्हणजे खव्याची भट्टी. परसात पत्र्याची लांब शेड, तिच्यात मातीच्या चुली ओळीने मांडलेल्या, त्यांवर लहान मूल आत बसून अंघोळ करील एवढ्या कढया. पहाटे डोंगरातल्या वस्त्यांवरून बाया-माणसं डोक्यावर दुधाच्या घागरी घेऊन उतरायची, अण्णा, म्हणजे माझे वडील, दूध मापून घ्यायचे आणि मग दुपारपर्यंत शेडमध्ये एकच आवाज चालायचा: लांब दांड्याचं उलथणं कढईच्या तळाशी घासत फिरतं तो. खर्र, खर्र, खर्र. दूध पातळ असताना आवाज मोठा आणि मोकळा असायचा, आटत आलं की जड व्हायचा, आणि खवा गोळा झाला की जवळजवळ थांबायचा. आम्ही मुलं घरात अभ्यास करताना त्या आवाजावरून वेळ ओळखायचो. आवाज थांबला की धावत सुटायचो, कारण कढईच्या कडेला धरलेली तांबूस खरवड पहिल्या येणाऱ्याची असायची. बाजरीच्या शिळ्या भाकरीवर ती गरम खरवड आणि वर गुळाचा खडा. तुमच्या आईला मी हे पुष्कळदा करून द्यायचा प्रयत्न केला, पण गॅसवर तशी खरवड धरत नाही.

दुपारच्या एसटीच्या टपावर पळसाच्या पानात बांधलेले खव्याचे गोळे चढायचे आणि बीडला रज्जाकभाईंच्या मिठाईच्या दुकानी जायचे. अण्णा म्हणायचे, "दूध डोंगर उतरत न्हाई, नासतंय. खवा उतरतो." डोंगरातल्या ज्या घरांत दोन म्हशींखेरीज काही नव्हतं, त्या घरांतल्या पोरांच्या अंगावर सणाला नवा सदरा दिसायचा तो या भट्टीमुळे, हे मला तेव्हा कळत नव्हतं. निनाद, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेडमध्येच होतं. उरलेलं अर्धं फार कडू आहे.

भट्टीची खरी मालकीण होती आत्या. अण्णांची थोरली बहीण, भागीरथी. लग्न झालं त्याच वर्षी नवरा साप चावून गेला आणि ती माहेरी परत आली. उंच, काटक, आवाज ओढ्यापलीकडे जाईल असा. खव्याला कधी जाळ कमी करायचा, कधी उलथणं थांबवायचं, हे अण्णासुद्धा तिला विचारून ठरवायचे. रिकामं बसणं तिला ठाऊक नव्हतं, आणि वाया गेलेली वस्तू बघितली की ती अंगावर काही सांडल्यासारखी चिडायची. अशा बाईला सीताफळाच्या डोंगराखाली राहावं लागावं, हा एक छळच होता. आमच्याकडे सीताफळं कोणी लावत नाही. ती खडकातून आपोआप उगवतात. पावसाळा सरत आला की फळांचे डोळे उघडायला लागतात, कडा पिवळसर होतात, आणि मग आठ-पंधरा दिवसांत सगळा डोंगर एकदमच पिकतो. माणसं खाऊन कंटाळायची, मग शेळ्या, मग माकडं, आणि राहिलेलं मुंग्यांना. पाट्या भरून बीडच्या बाजारी नेल्या तर टपावर आदळून निम्म्यांचा चिखल व्हायचा, आणि व्यापारी तो चिखल बघून बाकीच्यांचाही भाव पाडायचा. आत्या पायवाटेवर पडून फुटलेल्या फळांकडे बघून म्हणायची, "देवानं दिलं, आन् ठिवायला भांडं द्यायचं इसरला."

आता कौशी. कौसल्या तिचं नाव, माझ्याच वर्गातली, सातवीतली. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची. वर्गात पहिली यायची ती, मी दुसरी. गुरुजींनी सरळ सांगितलं होतं की यंदा सातवीच्या परीक्षेत केंद्रात पहिला नंबर या पोरीचा. तिचे आईवडील, गयाबाई आणि दगडूमामा, दरवर्षी दसरा झाला की मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे ते होळीनंतर परतायचे. इतकी वर्षं कौशी आजीजवळ राहून शाळा करायची. त्या उन्हाळ्यात आजी वारली. एकट्या पोरीला वस्तीत कुणाच्या भरवशावर ठेवणार? धाकट्या भावाला सांभाळायला, उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायलाही कोणी हवंच होतं. म्हणजे यंदा कौशी जाणार, आणि परीक्षा राहणार. आमच्या भागात एकदा राहिलेली शाळा पुन्हा सुरू झालेली मी फारशी पाहिलेली नाही.

ही गोष्ट आत्याला कळली ती दळणाच्या वेळी. गयाबाई आमच्या दारात बसून सांगत होती आणि रडत नव्हती, हे मला आठवतं. आत्याने हातातलं दळण बाजूला सारलं. मग म्हणाली, "गये, तुला हितंच काम घावलं तर ऱ्हाशील का?"

"कसलं काम, आत्याबाई? तुमच्या भट्टीला माणसं हायत की."

"दुधाचं न्हाई. त्याचं." आत्याने डोंगराकडे हात केला.

तिचा बेत असा होता. सीताफळाचा गर काढायचा आणि खव्यात मिसळून वड्या करायच्या. खवा बीडला जातो, वड्याही जातील. दुसऱ्याच दिवशी तिने थोडा गर काढून, कढई चुलीवरून उतरल्यावर खव्यात कालवला. त्याच एसटीने अण्णा वड्या घेऊन गेले आणि संध्याकाळी स्वतः रज्जाकभाईंना घेऊन परतले. रज्जाकभाई म्हणजे गोरे, जाडजूड, दाढीला मेंदी लावणारे गृहस्थ. आमच्या शेडमध्ये बाजेवर बसले तर बाज कुरकुरली. अजून एक वडी खाऊन त्यांनी डोळे मिटले.

"भागाबाई, ये तो कमाल है. दसरे कू नारायणगड पर जाने वाले लोगां लेंगे, शादीवाले लेंगे. पर एक बात बोलो. टिकेगी कितनी?"

"आज केली की उद्या संपवायची," आत्या म्हणाली.

"और डोंगर का माल?"

"त्यो बी आजच पिकतोय."

"फिर?" रज्जाकभाईंनी हात पसरले. "मुझे तो दिवाली तक चाहिए, उसके बाद भी चाहिए."

तो प्रश्न अगदी बरोबर होता. गर टिकला तर काम टिकणार होतं. होळीपर्यंत गर पुरला तर गयाबाईला होळीपर्यंत जायची गरज नव्हती, आणि मग कौशी परीक्षेला बसणार होती. आम्हा मुलींनासुद्धा हे एका वाक्यात समजत होतं. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन आला तेव्हा दगडूमामाने त्याला सांगितलं, "दसऱ्यापत्तुर थांबा." मुकादम हसला. म्हणाला, "थांबतो की. ऊस कुठं पळून चाललाय?"

गर काढायला गयाबाई आणि कौशी आल्या, आणि आमच्या घरात पहिला वाद झाला तो माझ्या आईचा. आई वाईट नव्हती. तिला लोकांची भीती वाटायची. ती स्वयंपाकघरात आत्याला हळूच म्हणाली, "वन्सं, लोक काय म्हणतील? त्यांच्या हातचं..."

"डोंगरावरनं फळं तोडून कोण आणतंय? तवा चालतंय का?"

"तवा मधी साल असतंय की."

"आन् साल काढल्यावर आत जात निघती व्हय गं?" आत्या इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेर शेडमध्ये गयाबाईला हसू आलं. आईही शेवटी हसली. पण तिने त्या दिवसापासून गराची पातेली घरात घेतली नाहीत, शेडमध्येच ठेवली. हेही मी लिहून ठेवते, कारण तुम्ही आपलं घर जसं होतं तसं जाणावं असं मला वाटतं.

काम चिकट होतं. फळ फोडायचं, गर चमच्याने पाटीत काढायचा, बांबूच्या बारीक चाळणीवर हाताने हळूहळू फिरवायचा म्हणजे गर खाली उतरतो आणि काळ्या बिया वर राहतात. दाबायचं नाही. बी फुटता कामा नये, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक. कारण त्याच बिया वाळवून, वाटून आम्ही मुलींच्या डोक्याला उवांसाठी लावायचो, आणि ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो म्हणून आत्या आमच्या कपाळाला घट्ट फडकं बांधायची. बिया म्हणजे विष. म्हणून बियांची पाटी वेगळी, आणि संध्याकाळी ती लांब नेऊन राखेत पुरायची. कौशीचे हात यात फार हलके होते. ती चाळणीवर हात फिरवत असताना मी समोर भूगोलाचं पुस्तक धरायचे, आणि ती नद्यांची नावं म्हणत जायची. तिच्या बोटांना सीताफळाचे काळपट डाग पडले होते, ते राखेने घासूनही जायचे नाहीत. "परीक्षेत पेपरला डाग लागंल की गं," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो.

गर टिकवायचा कसा? रज्जाकभाईंनी बर्फ सुचवला. बीडला बर्फाचा कारखाना होता. अण्णांनी बर्फाची लादी भुशात घालून, पोत्यात शिवून एसटीच्या टपावर चढवली. त्या दिवशी ऊन विलक्षण होतं. गाडी आली तेव्हा टपावरून मागच्या काचेवर पाणी गळत होतं, आणि कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "अण्णा, तुमचं पार्सल लिंबागणेशलाच उतरलं वाटतं. आमच्याकडं नुसतं पोतं हाय." सगळं स्टँड हसलं. अण्णाही हसले. गावात वीज त्याच वर्षी आली होती, पण तिच्यावर एक दिवा मिणमिणायचा आणि तोही वाऱ्याने जायचा. बर्फाचं कपाट ही वस्तू आम्ही कोणी पाहिलेली नव्हती.

मग दसरा चार दिवसांवर आला असताना डोंगर एकदम पिकला. पाट्यांवर पाट्या येत राहिल्या, शेडमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि सगळीकडे तो गोड, थोडा आंबूस वास. रज्जाकभाईंच्या वड्यांना लागेल त्याच्या कितीतरी पट गर पातेल्यांत साठला. उद्यापर्यंत तो फसफसणार होता. आत्याने पदर खोचला आणि म्हणाली, "आटवू."

आज मला वाटतं, हे आमच्याच घरात होऊ शकत होतं. दुसऱ्या कुणी लोणच्यासारखं मीठ घातलं असतं, कुणी उन्हात पापडासारखं पसरलं असतं. आमच्या घरात टिकवणं म्हणजे आटवणं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांनी नासणारी वस्तू जाळावर ठेवली होती आणि ती टिकाऊ झाली होती. आमचं सगळं जगणं त्या एका गोष्टीवर उभं होतं. त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. सगळ्या कढया चढल्या. अण्णा, आत्या, गयाबाई, दगडूमामा, प्रत्येकाच्या हातात उलथणं. दुधासारखाच आवाज सुरू झाला, तसाच जड होत गेला. कौशी आणि मी लाकडं सारत होतो. गर आधी पिवळसर झाला, मग त्याला गुलाबी झाक आली. "रंग बघ, गुलाबाचं फूल," गयाबाई म्हणाली. तिचा चेहरा जाळाने लाल झाला होता आणि ती आनंदात होती. तिला मी त्याआधी तशी पाहिली नव्हती.

दुपार कलल्यावर आत्याने पळीच्या टोकावर थोडं घेऊन फुंकर घालून तोंडात टाकलं. दुसऱ्या कढईतलं घेतलं, मग तिसरीतलं. मग पळी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी चाखलं आणि शेडबाहेर जाऊन थुंकले. सगळं कडू झालं होतं. कडुनिंबासारखा कडूपणा नव्हे. आधी गोड लागायचं, आणि मग घशात मागे काहीतरी धरून बसायचं.

अशी बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. शेजारचे बापूराव आले, आणखी माणसं जमली. गयाबाई आमच्या शेडमध्ये बसते हे बापूरावांना आधीपासून खपत नव्हतं. त्यांनी बोटाने चाटून बघितलं आणि म्हणाले, "बी हाय ह्यात. बिया चिरडल्यात. हे खाल्लं असतं तर बीडात माणसं मेली असती. गर कुणी काढला?"

कुणी काढला हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळ्यांनी कौशीकडे बघितलं.

"म्या एक बी बी फोडली न्हाई," कौशी म्हणाली.

"मग कावून कडू झालं? तू सांग."

आत्या मधे पडली, "पोरीच्या हाताखालून बी जाणारच न्हाई. म्या बघितलंय."

"मग कावून झालं, ते तू सांग, भागाबाई."

आत्यालाही सांगता येईना. उत्तर नसेल तर लोक आपलं घालतात. गयाबाई लेकीचा हात धरून उभी होती. मी आत्याकडे बघत होते. तिने एकदा कढयांकडे बघितलं, एकदा कौशीकडे, आणि मग नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका. उवांसाठी बिया वाटल्या व्हत्या म्या पाट्यावर. पाटा धुयाचा ऱ्हायला. त्याच पाट्यावर म्या गर रगडला. चूक माझी हाय. पोरीकडं बघायचं काम न्हाई."

बापूराव पुटपुटत गेले. कढया ओढ्यात रिकाम्या केल्या, आणि दोन दिवस ओढ्याच्या पाण्यावर गुलाबी साय तरंगत होती. त्या आठवड्यात आमचा खवासुद्धा कुणी घेईना. "भागाच्या पाट्यावरचा" असं लोक म्हणायला लागले. अण्णा आत्याला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बास झालं, अक्का. आपला धंदा दुधाचा." आत्याने मान हलवली. त्यानंतर तिने सीताफळाचं नाव काढलं नाही. वाटेवर पडलेलं फळ ती ओलांडून जायला लागली.

दसऱ्याला लोक सोनं वाटून नारायणगडावर गेले. दुसऱ्या दिवशी टोळी निघाली. बैलगाड्यांवर भांडी, गोधड्या, बांबू, कोंबड्या. कौशी निघायच्या आधी आमच्या परसात आली. मला वाटलं रडेल, पण ती पाट्याजवळ उकिडवी बसून त्यावर बोट फिरवत होती.

"कुमे," ती म्हणाली, "ह्यो पाटा मीच धुतलता. दोनदा. राख लावून."

मला काही समजलं नाही. मी तेरा वर्षांची होते.

"म्हंजी आत्या माझ्यापायी खोटं बोलली. म्हंजी माझ्याच हातनं फुटली आसंल एखादी. मला कळलं नसंल." ती उठली. "कुणाला सांगू नगंस." आणि पळत गाडीकडे गेली. गाडीत ती भावाला मांडीवर घेऊन मागे तोंड करून बसली होती. वळणापर्यंत मला ती दिसत होती.

होळीनंतर ती परत आली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, कारण मुकादमाला कोयता हवा असतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी बीडला, मग औरंगाबादला शिकायला गेले. आत्या मी नोकरीला लागले त्या वर्षी गेली. शेवटच्या आजारात ती एकदा म्हणाली, "त्या पोरीनं फोडली नव्हती बी, मला पक्कं ठावं हाय. पण मग का गं कडू झालं?" मी तेव्हा इंग्रजीची एम.ए. होते. मलाही ठाऊक नव्हतं.

ते मला कळलं परवा परवा, या वयात. आपल्या डोंगराच्या पायथ्याशी आता सीताफळाचा गर काढायचा छोटा कारखाना झाला आहे. मागच्या हंगामात तुमच्या आजोबांबरोबर मी तो बघायला गेले. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका, बिया वेगळ्या करणारं यंत्र, आणि आत एक खोली. तिचं जाड दार उघडलं की धुकं बाहेर येतं. हिवाळाभर, उन्हाळाभर गर तिथे गोठून राहतो. बायका सांगत होत्या की त्यांच्यातल्या काही घरांनी ऊसतोड सोडली, पोरी गावातच शाळेत जातात. कारखाना लहान आहे, सगळ्यांना पुरत नाही, पण ज्यांना पुरला त्यांना पुरला. कारखाना चालवणारा मुलगा परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकलेला. मी त्याला सहज विचारलं की तुम्ही हा आटवून का नाही ठेवत.

"आटवून?" तो हसला. "आजी, सीताफळाला आच सोसत नाही. जास्त तापलं की गुलाबी पडतं आणि कडू होतं. त्याचा स्वभावच तो. याला थंडच लागतं."

"बी फुटली नसली तरी?"

"बियांचा काय संबंध?"

मला तिथे खुर्ची आणून दिली त्यांनी.

कौशी ओढ्यापलीकडे, घरकुल योजनेत मिळालेल्या खोलीत राहते, हे मी चौकशी करून शोधून काढलं. मुलगा-सून टोळीबरोबर गेलेले, नातवंडं तिच्याजवळ. मी कारखान्यातून गराचा एक डबा घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि गेले. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. वाळून एवढीशी झालेली. तिशीच्या आतच गर्भाची पिशवी काढून टाकलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ कोयतेवाल्या बायकांसारखी, कमरेत वाकलेली. तिने मला ओळखलं नाही. "या बाई, बसा," म्हणाली. मी नाव सांगितलं तेव्हा तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या हाताला हात लावला. मी डबा उघडला. ती मागे सरकली.

"सीताफळ व्हय? मी खात न्हाई ते. पोरांना बी खाऊ देत न्हाई घरात."

मी तिला सगळं सांगितलं. आच लागली की कडू होतं, बी फुटो न फुटो. कोणाचाही हात असता तरी झालं असतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ अंगणातल्या कोंबडीकडे बघत राहिली.

"म्हंजी माझ्या हातनं न्हाई फुटली?"

"नाही."

"आन् आत्याच्या पाट्यानं बी न्हाई."

"नाही, कौशे. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. थंड ठेवायला एक खोली पाहिजे होती फक्त."

नात आतून आली, डब्यात बोट घालणार तोच कौशीने सवयीने तिचा हात धरला, आणि मग सोडून दिला. पोरीने बोट चाटलं, हसली, पुन्हा घातलं. कौशी तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता, आपल्याशीच बोलल्यासारखं तिने विचारलं,

"मग आमी गेलो कावून, कुमे?"

निनाद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी एवढं लांबवलं. तिच्या प्रश्नाचं मात्र मला देता आलं नाही. डब्यातला गर कडेने वितळायला लागला होता. मी पोरीला म्हटलं, लवकर खा.